एल्क-हरणाचं कातडं सोलायला चाकू कोणता घ्यावा? पहिल्या हंगामाची तयारी

कोलोराडोत सप्टेंबरमध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो तेव्हा दुपारचं ऊन अजून चांगलंच तापत असतं. तीनशे किलोंचा एल्क पडला की खरं काम तिथून पुढे असतं. त्याचं कातडं जाड, केस दाट, आणि आतली ऊब ते तासन्‌तास धरून ठेवतं. कातडं वेळेत उतरलं नाही तर मांड्यांचं मांस हाडाजवळून नासायला लागतं, वरून पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा इथे कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी ते पापच. चांगला चाकू लागतो तो यासाठी. मांस लवकर थंड व्हावं, स्वच्छ राहावं, आणि आपली बोटं शाबूत राहावीत.

हे लिहितोय ते अमेरिकेत राहणाऱ्या, नुकताच शिकारीचा परवाना काढलेल्या किंवा काढू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात हे ज्ञान वडीलधाऱ्यांकडून आलेलं नाही. कोलोराडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बंदूक जवळ बाळगण्याचा केंद्रीय नियम तुमच्यासाठी वेगळा आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक महत्त्वाचा अपवाद आहे. बंदुकीला हात लावण्याआधी हे वकिलाकडून नीट समजून घ्या. चाकूला ती भानगड नाही.

पायरी १: आधी काम समजून घ्या

नवख्या माणसाला वाटतं, सोलणं म्हणजे कापणं. प्रत्यक्षात कातड्याचा मोठा भाग ओढून आणि मूठ घालून निघतो. गावाकडे खाटकाला टांगलेला बकरा सोलताना पाहिलं असेल तर आठवून बघा. एका हाताने तो कातडं ताणतो, दुसऱ्या हाताची मूठ कातडं आणि मांसाच्या मधे दाबत खाली नेतो, आणि सुरी मधूनमधूनच चालवतो. हरणाचंही तसंच असतं. जनावर गरम असताना कातड्याखालचा पांढरट ओलसर पडदा सहज सुटतो. जिथे अडतो तिथे कातडं घट्ट ताणून धरायचं आणि त्या ताणलेल्या पडद्याला धार नुसती लावायची. चांगल्या चाकूने तो पडदा स्वतःहून उलगडत जातो, बारीकसा चर्र आवाज येतो आणि हाताला काही जाणवतही नाही. तिथे जोर लावावा लागत असेल तर दोनच कारणं असतात: धार गेलेली आहे, किंवा कातडं पुरेसं ताणलेलं नाही.

व्हाइटटेल हरीण ओढत गाडीपर्यंत आणता येतं आणि गराजमध्ये टांगून निवांत सोलता येतं. एल्कचं तसं नाही. तो डोंगरात जिथे पडला तिथेच सोलून, तुकडे करून पाठीवरून आणावा लागतो. बरेच जण आता पोट न फाडताच हे काम करतात. इथे त्याला ‘गटलेस’ पद्धत म्हणतात. जनावर एका कुशीवर ठेवायचं. मानेपासून शेपटीपर्यंत कण्यावरून एक लांब चीर द्यायची आणि कातडं पोटाच्या दिशेने सोलत न्यायचं. मग पुढचा फरा काढायचा. फऱ्याला धडाशी जोडणारा हाडाचा सांधा नसतोच, तो फक्त स्नायूंनी धरलेला असतो. सोबत्याने पाय वर उचलून धरला की पातं आत फिरवत फिरवत दोन मिनिटांत मोकळा होतो. मागच्या मांडीला मात्र खुब्याचा गोल सांधा असतो. तिथे चाकूचं टोक सांध्याच्या वाटीत घालून आतली चिवट शीर तोडावी लागते. त्यानंतर पाठीच्या कण्यालगतची लांब पट्टी, मानेचं मांस, आणि शेवटी बरगड्यांच्या मागून हात घालून काढायचं आतलं कोवळं मांस. मग कूस बदलायची आणि हेच सगळं पुन्हा. हे करताना नर की मादी हे दाखवणारी खूण मांसाला जोडलेलीच राहिली पाहिजे, असा कोलोराडोचा नियम आहे. कापायच्या आधीच त्या वर्षीची नियमपुस्तिका उघडून बघा.

या वर्णनातून चाकूकडून काय हवं ते आपोआप ठरतं. कातडं सोडवायला पात्याला छान गोलाई हवी. सांध्यात शिरायला हुकमी टोक हवं. हाडालगत मांस सोडवायला पातं अरुंद आणि थोडं लवचिक हवं. तिन्ही गुण एकाच चाकूत शंभर टक्के मिळत नाहीत. म्हणून माझा सल्ला आहे की एक मुख्य चाकू नीट निवडा आणि जोडीला एक स्वस्त, अरुंद पात्याचा चाकू ठेवा.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. धारेचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे केस. माजावर आलेले एल्कचे नर चिखलात लोळतात; त्यांच्या केसांत वाळलेली माती आणि रेती भरलेली असते. बाहेरून आत कापलं की प्रत्येक कापाला धार रेतीवरून घासली जाते. म्हणून पहिलं छोटं भोक पाडल्यावर धार आकाशाकडे करून पातं कातड्याखाली सरकवायचं आणि आतून बाहेर चिरत जायचं. केस कापले जात नाहीत, दोन बाजूंना वळतात. मांसावर केसही कमी पडतात, आणि एल्कच्या मांसावर चिकटलेला केस काढणं किती जिवावर येतं हे पहिल्याच दिवशी कळेल.

पायरी २: लांबीचा मोह सोडा

पातं साडेतीन ते साडेचार इंचांचं घ्या, म्हणजे नऊ ते साडेअकरा सेंटिमीटर. साध्या हरणापासून मूस या सगळ्यात मोठ्या हरणापर्यंत सगळ्याला हे पुरतं. लांब पात्याचं टोक हातापासून दूर जातं, आणि सोलताना टोक बहुतेक वेळ कातड्याआड, नजरेआड असतं. ते कुठे आहे हे तर्जनीला कळायला हवं. पोट फाडताना तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवून टोकाच्या जवळ नेता आली पाहिजे. सहा इंची पात्यावर ती पोहोचत नाही. बक कंपनीचा ११९ हा सहा इंची चाकू अमेरिकेत घराघरांत दिसतो आणि तंबूच्या कामाला तो उत्तम आहे, पण नवशिक्याच्या हातात सोलणीला मी तो देणार नाही.

जाडीकडे लोक लक्षच देत नाहीत. दुकानात जाडजूड पातं हातात घेतलं की भक्कम वाटतं, आणि त्या पात्याने मांस कापताना पाचर ठोकल्यासारखं होतं. अडीच ते साडेतीन मिलिमीटर पाठ पुष्कळ झाली. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीनफिल्डला जॉन रसेलने १८३४ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याचे ‘ग्रीन रिव्हर’ चाकू पश्चिमेकडे हजारोंनी गेले आणि तिथल्या शिकाऱ्यांनी त्यांवर म्हशीएवढे बायसन सोलले. ते चाकू म्हणजे साध्या, पातळ, लाकडी मुठीच्या खाटकी सुऱ्या होत्या. काम तेच आहे, पोलाद तेवढं सुधारलं.

पायरी ३: पात्याचा आकार

दुकानात तीन आकार प्रामुख्याने दिसतील.

पहिला ड्रॉप पॉइंट. याची पाठ टोकाकडे हलकेच खाली उतरते, त्यामुळे टोक पात्याच्या मध्यरेषेजवळ येतं. कॅलिफोर्नियाच्या रिव्हरसाइडला काम करणाऱ्या बॉब लव्हलेसने शिकारी चाकूंत हा आकार रुजवला, आणि आज जवळजवळ प्रत्येक कंपनी त्याच्याच वाटेने जाते. टोक खाली असल्याचा फायदा पोट फाडताना कळतो. पातं कातड्याखाली सरकवलं की टोक वर कातड्याकडे राहतं, खाली जठराला किंवा आतड्याला टोचत नाही. जठर फुटलं आणि अर्धवट पचलेलं हिरवं गवत मांसावर सांडलं की तेवढं मांस छाटून टाकावं लागतं. एका चुकीच्या टोचणीला किती किलो मांस जाऊ शकतं याचा विचार करा.

दुसरा स्किनर, ज्याचं टोक वर उचललेलं असतं आणि पोट भरदार गोल असतं. कातडं ताणून लांब लांब हात मारायला याच्यासारखा चाकू नाही. टांगलेलं जनावर सोलताना हा घेतला की काम भराभर सरकतं. पण वर उचललेल्या टोकाने पोट फाडणं अवघड, आणि सांध्यात तो नीट शिरत नाही. अलास्कातल्या इन्युइट बायका पिढ्यान्‌पिढ्या उलू वापरतात. अर्धगोल पातं आणि वर मूठ. त्याच्यात टोकच नाही, सगळं काम गोलाईवर चालतं. सोलायला गोलाई का हवी हे त्या एका हत्याराकडे पाहून पटतं.

तिसरा क्लिप पॉइंट, पाठीचा पुढचा भाग छाटल्यासारखा आणि टोक अणकुचीदार. दिसायला देखणा असतो. अनुभवी हातात तो चालतो, नवख्याच्या हातात आतडं फोडतो.

पहिला चाकू ड्रॉप पॉइंटच घ्या, आणि तो घेताना त्याचं पोट बघा. काही ड्रॉप पॉइंट जवळजवळ सरळ असतात. पातं टेबलावर धार खाली करून ठेवा आणि मागेपुढे डोलवा. पुढचा निदान तिसरा हिस्सा मस्त डोलला पाहिजे. मूठ उचलत नेली तरी शेवटपर्यंत नुसतं टोकच टेकत असेल तर तो सोलायला कंटाळवाणा होईल.

पायरी ४: पोलादाच्या नावांना भुलू नका

चाकूच्या जाहिरातीत पोलादाचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतं आणि नवख्या माणसाचे निम्मे पैसे तिथेच जातात. समजून घेण्यासारखं थोडंच आहे.

४२०एचसी हे साधं, गंज सहसा न धरणारं पोलाद. बक कंपनी ते नीट पाणी देऊन सुमारे ५८ रॉकवेल कठीणपणाला आणते. त्याची धार तुलनेने लवकर उतरते, पण सिरॅमिकच्या काडीवर दहावीस हात मारले की परत येते. स्वीडनचं १२सी२७, जे मोरा कंपनीच्या स्टेनलेस चाकूंत असतं, तेही याच जातीचं: बारीक कणांचं, सहज धार घेणारं.

एस३०व्हीत चार टक्के व्हॅनेडियम असतं. त्याचे अतिकठीण कण धार धरून ठेवतात. एक अख्खा एल्क आणि वर थोडं काम एकाच धारेवर होऊ शकतं. पण तेच कण साध्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कठीण असल्याने धार गेली की हिऱ्याच्या पट्टीशिवाय ती नीट परत येत नाही. ज्याला धार लावता येत नाही त्याच्या हातात एस३०व्ही म्हणजे दोन हंगाम चांगला चालणारा आणि मग कायमचा बोथट राहणारा महागडा चाकू.

१०९५सारखं कार्बन पोलाद धार सुरेख घेतं, पण रक्त लागून तासाभरात काळे डाग आणि रात्रभरात गंज. ज्याला पुसण्या-तेलण्याची सवय आहे त्यानेच घ्यावं. डी२ हे पोलाद कार्बन आणि स्टेनलेस या दोघांच्या मधलं. गंज कमी, धार टिकाऊ, पण हाडावर पीळ दिला तर धारेचे बारीक टवके उडू शकतात.

माझं मत स्पष्ट आहे: पहिला चाकू ४२०एचसी किंवा १२सी२७चा घ्या. ज्या पोलादाला तुम्ही स्वतः, अंधारात, हेडलॅम्पच्या उजेडात पाच मिनिटांत धार आणू शकता ते पोलाद तुमच्यासाठी सगळ्यात भारी.

पायरी ५: मूठ, आणि ती तपासायची रीत

या पायरीवर घाई करू नका. पातं वाईट निघालं तर काम लांबतं. मूठ वाईट निघाली तर हात कापतो.

सोलताना हाताला रक्त लागतं, त्याहून वाईट म्हणजे चरबी लागते. ऑक्टोबरच्या थंडीत ती चरबी बोटांवर थिजते आणि मूठ साबणासारखी सटकते. गुळगुळीत पॉलिश केलेलं लाकूड किंवा शिंग कपाटात शोभतं, इथे नाही. खरबरीत रबर, टेक्स्चर दिलेलं जी-१० (काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन), किंवा मायकार्टा चांगलं. मायकार्टा म्हणजे कापडाचे थर रेझिनमध्ये दाबून बनवलेला पदार्थ. ओला झाला की त्याची पकड वाढते.

दुकानात जाताना खिशात नायट्रिलचा दस्ताना न्या, कारण रानात तुम्ही तो घालूनच काम करणार आहात. दुकानदाराला विचारून, दस्ताना घालून चाकू तीन प्रकारे धरा. एक, नेहमीसारखा मुठीत. दोन, तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवून. पाठीची कड बोटाला रुतते का ते बघा. तीन, धार वर करून, जसा पोट फाडताना धरावा लागतो. या तिसऱ्या पकडीत बहुतेक वाईट मुठी उघड्या पडतात. धार खाली असताना हातात छान बसणारी मूठ उलटी केली की तळव्यात टोचते. मूठ चार इंचांहून आखूड असेल तर करंगळी बाहेर लोंबकळते आणि तासाभरात मनगट भरून येतं.

पात्याच्या आणि मुठीच्या मधे बोट पुढे सरकू न देणारा छोटासा उंचवटा किंवा खोबण हवीच. मोठा आडवा पितळी गार्ड नको, तो सोलताना मधे येतो. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असेल तर उत्तम. सोलणीला ते अनिवार्य नाही, पण रानात चाकूवर इतर कामंही येऊन पडतात.

रंग भडक घ्या, नारिंगी सगळ्यात बरा. तपकिरी मुठीचा चाकू अस्पेनच्या पडलेल्या पानांत ठेवला की शोधत बसावं लागतं, आणि अंधारात तो गुडघ्याने सापडला तर फार वाईट.

पायरी ६: बाकीचे प्रकार थोडक्यात

घडीचा चाकू: बकचा ११० साठच्या दशकापासून लाखो लोकांच्या पट्ट्याला आहे आणि हरणं त्याने असंख्य सोलली गेली आहेत. पण घडीच्या खाचेत चरबी, केस, रक्त जाऊन बसतं आणि ते साफ करणं कटकटीचं असतं. एकसंध चाकूच घ्या.

गट हुक: पाठीवर आकडा असलेला चाकू. पोटाचं कातडं चिरायला तो झिपरसारखा चालतो, दोन-तीन जनावरांपुरता. मग आत केस-चरबी अडकते, धार जाते, आणि त्या गोल खाचेला धार लावायला गोल काडी लागते. शिवाय पाठीवर आकडा आला की तर्जनी ठेवायची जागा गेली. मी घेत नाही.

बदलत्या पात्याचे चाकू, जसे हॅव्हलॉन: वस्तरा लाजेल इतके धारदार, वजन नगण्य. बारीक कामाला आणि जोडीचा चाकू म्हणून मला ते आवडतात. मात्र पातं शस्त्रक्रियेच्या पात्यासारखं पातळ असतं. सांध्यात घालून पीळ दिला की मोडतं, आणि मोडलेला तुकडा मांसात शोधावा लागतो. तेलकट बोटांनी पातं बदलतानाच माणसं स्वतःला कापून घेतात, म्हणून छोटी पकड सोबत ठेवा आणि जुनी पाती टाकायला घट्ट झाकणाची डबी.

जोडीचा दुसरा पर्याय मला जास्त पसंत आहे: व्हिक्टोरिनॉक्सची अरुंद पात्याची, हाडावरून मांस सोडवायची सुरी. खाटीकखान्यांत आणि मटणाच्या दुकानांत हीच चालते. पाठीची पट्टी काढताना कण्याच्या हाडाला लगटून ती अशी वाकते की हाडावर काही शिल्लक राहत नाही.

पायरी ७: धार लावायला शिका, तीही चाकू घेतानाच

चाकूच्या पैशांतच धार लावायच्या साधनाचे पैसे धरा. नवख्याला कोन सांभाळता येत नाही, म्हणून कोनाची मांडणी आधीच असलेलं साधन घ्या. वर्क शार्पच्या छोट्या फील्ड शार्पनरला दोन हिऱ्याच्या पट्ट्या, एक सिरॅमिकची काडी आणि एक चामड्याची पट्टी असते, शिवाय २० अंशांचा उतार दाखवणारी मार्गिका. पाठपिशवीत सहज मावतो.

रीत अशी. पात्याच्या धारेवर मार्करने काळी रेघ ओढा. हिऱ्याच्या पट्टीवर, मार्गिकेला टेकवून, मुठीकडून टोकाकडे चारपाच हात मारा आणि रेघ कुठे पुसली गेली ते बघा. फक्त वरची बाजू पुसली तर कोन कमी झाला, फक्त अगदी कड पुसली तर जास्त. रेघ पूर्ण रुंदीत पुसली जाईल असा कोन हाताला बसवा. मग एकाच बाजूने घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला अंगठ्याने धारेवरून बाहेरच्या दिशेने चाचपल्यावर बारीक खरखर लागत नाही. ती खरखर म्हणजे धारेवरून पलीकडे वळलेलं पोलाद. टोकापासून मुठीपर्यंत ती सगळीकडे आली की बाजू बदला आणि तेच करा. त्यानंतर सिरॅमिकवर अगदी हलक्या हाताने एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, आणि शेवटी चामड्यावर मागे ओढत. नवखे लोक खरखर येण्याआधीच बाजू बदलतात, म्हणून तासभर घासूनही धार येत नाही.

धार तपासायला दिव्याखाली पातं धार वर करून धरा आणि हळूहळू फिरवा. तीक्ष्ण धार दिसतच नाही. जिथे पांढरी चमक दिसेल तिथे धार बोथट किंवा दुमडलेली आहे. ही तपासणी रानातही हेडलॅम्पने होते. काम चालू असताना दर वीस मिनिटांनी, किंवा पडद्याला धार लावल्यावर तो लगेच उघडत नाही असं वाटलं की लगेच, सिरॅमिकवर पाचसहा हात मारा. पूर्ण बोथट होईपर्यंत थांबलात तर तिथे डोंगरात हिऱ्याच्या पट्टीवर बसावं लागेल.

पायरी ८: म्यान आणि खरेदी

म्यानातून चाकू उलटा केला तरी पडू नये, आणि दस्ताना घातलेल्या एका हाताने निघावा. कातड्याचं म्यान सुंदर दिसतं पण रक्त शोषतं आणि धुता येत नाही. प्लॅस्टिकचं किंवा कायडेक्सचं घ्या, खाली पाणी निथळायला भोक असलेलं. त्यात वाळू गेली तर धुऊन टाका, नाहीतर प्रत्येक वेळी चाकू काढता-घालताना धार घासत राहते.

पैशांचं बोलू. सुमारे २० डॉलरमध्ये स्वीडनचा मोरा कम्पॅनियन स्टेनलेस मिळतो: चार इंचांचं पातं, अडीच मिलिमीटर जाडी, रबरी मूठ, धुता येणारं म्यान, नारिंगी रंगातही. त्याचं पोट थोडं कमी गोल आहे, तेवढं सोडलं तर विद्यार्थ्यानेही बिनधास्त घ्यावा असा चाकू आहे. त्याच्या तिप्पट-चौपट खर्चाची तयारी असेल तर बकचा ११३ रेंजर स्किनर पाहा; नावात स्किनर असलं तरी टोक ड्रॉप पॉइंटचंच आहे. पातं तीन इंचांहून थोडंसं मोठं, सांगितलेल्या लांबीपेक्षा किंचित आखूड, पण पोट भरपूर. बेंचमेडचे एस३०व्हीचे शिकारी चाकू याहून बरेच महाग आहेत आणि चांगलेच आहेत, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या हंगामानंतर, हाताला धार लावायची सवय झाल्यावर घ्या.

शहरातून जाता-येता चाकू गाडीच्या डिकीत ठेवा. साडेतीन इंचांहून मोठं पातं कपड्याआड लपवून फिरणं कोलोराडोत गुन्हा ठरू शकतो. शिकारीला नेलेल्या चाकूला सवलत आहे, पण किराणा दुकानात तुम्ही शिकारीला आलेले नसता. विमानाने जाणार असाल तर चाकू म्यानात, गुंडाळून, चेक-इनच्या सामानातच.

पायरी ९: हंगामाआधी घरी सराव

हलाल दुकानातून बकऱ्याची अख्खी मांडी आणा. ती कापून न घेता तशीच मागा. वरचा पातळ पडदा ताणून, धार नुसती टेकवत काढायचा प्रयत्न करा. पात्याची धार किंचित पडद्याकडे कललेली ठेवा म्हणजे मांसात खाचा पडत नाहीत. जनावराचं कातडं कमावायला द्यायचं असेल तर नेमकं उलटं, धार मांसाकडे, कारण तिथे कातड्याला भोक पडणं परवडत नाही. मग मांडीतलं हाड पूर्ण सोडवा. शेवटी दस्ताना घालून, हाताला तूप चोळून हेच पुन्हा करा. मूठ सटकते की नाही हे तुमच्या स्वयंपाकघरात कळलेलं बरं. चाकू परत करायला वेळही असतो. मटणाचा रस्सा होतोच.

पायरी १०: रानात

चाकूच्या पुढे आपलं किंवा सोबत्याचं काहीही नको, ना हात, ना मांडी. जनावरावर दोघे असाल तर एकाने कापायचं, दुसऱ्याने ताणायचं. दोन चाकू एकाच वेळी कातड्याखाली नकोत, कारण कातड्याआड समोरच्याचं पातं दिसत नाही. चाकू हातातून सुटला की त्याची जागा ठरलेली असू द्या: म्यान, किंवा पसरलेल्या नारिंगी कापडाचा एकच कोपरा. जनावराच्या आत किंवा मांडीत खुपसून कधीही ठेवू नका. पाच मिनिटांनी तिथेच हात जातो. टॉर्निके (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा) आणि दाबपट्टी पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा आणि ती कुठे आहे हे सोबत्याला सांगून ठेवा.

कोलोराडोत हरीण आणि एल्कमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज आहे. हा रोग पहिल्यांदा लक्षात आला तोही इथेच, १९६० च्या दशकाच्या शेवटी फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात. तो जंतूने नव्हे, प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनाने होतो, आणि ते साध्या उकळण्याने मरत नाही. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित जनावराचं मांस खाऊ नये असाच आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. तेव्हा दस्ताने घाला, मेंदू आणि कण्यातली मज्जारज्जू कापू नका, आणि डोकं तपासणीला द्या.

घरी आल्यावर चाकू गरम पाणी आणि साबणाने ब्रशने घासा, मुठीच्या खाचेतलं मांस-चरबी पूर्ण निघेपर्यंत, कारण ब्लीच मांसाच्या कणात शिरत नाही. मग दोन भाग घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी अशा द्रावणात पाच मिनिटं बुडवा. जास्त वेळ ठेवलात तर स्टेनलेसलाही खड्डे पडतात. लगेच भरपूर पाण्याने धुवा, पुसून पूर्ण कोरडा करा, पात्याला खाद्य मिनरल ऑइलचं बोट फिरवा आणि म्यानाबाहेर, कोरड्या जागी ठेवा. तपासणीचा निकाल येईपर्यंत प्रत्येक जनावराचं मांस वेगळ्या पाकिटांत, तारीख आणि नमुन्याचा क्रमांक लिहून फ्रीझरमध्ये ठेवा. दोन जनावरांचा खिमा एकत्र करू नका.